पाण्याखालच्या पराक्रमाचे दप्तर

ज्या मुलुखाला समुद्राचा स्पर्श नाही, जिथे तापी, गिरणा आणि पांझरा यांचे पूर पाहूनच माणसे पाण्याच्या अथांगपणाची कल्पना करीत आली, त्या खानदेशात नौदलाच्या पराक्रमाविषयी काहीसे परकेपण असावे हे स्वाभाविकच आहे. रजेवर आलेला जवान आम्हांला भुसावळच्या फलाटावर भेटतो, वरणगावच्या कारखान्यातली काडतुसे कुणाच्या बंदुकीत जातात हेही आम्ही जाणतो; पण अंधाऱ्या रात्री पोटाशी सुरुंग बांधून परक्या नदीच्या प्रवाहात निःशब्दपणे शिरणारा नाविक आमच्या परिचित वीरमालिकेत सहसा बसत नाही. त्याला आपण ओळखत नाही याचा दोष मात्र केवळ भूगोलावर ढकलता येणार नाही. त्याचे कामच असे असते की ते यशस्वी झाले तर कुणाला कळत नाही, आणि फसले तर सरकारला ते आपले म्हणता येत नाही.

१९७१ च्या मे महिन्यात भागीरथीच्या काठी, १७५७ च्या लढाईने प्रसिद्ध झालेल्या पलाशीच्या परिसरात, आमच्या नौदलाने अशाच एका गुप्त कामासाठी छावणी उघडली. त्यापूर्वी मार्चअखेरीस फ्रान्समधील तूलाँ बंदरात असलेल्या ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरून आठ बंगाली नाविक पसार होऊन भारताच्या आश्रयास आले होते. त्यांच्याभोवती पूर्व बंगालमधील विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची पोरे जमवून, पुढे चारशेहून अधिक संख्या झालेले हे पाणतरबेज दल घडविण्यात आले. पोटाशी विटा बांधून तासन् तास पोहणे हा त्यांचा नित्याचा सराव, कारण प्रत्यक्ष कामगिरीत विटेच्या जागी जहाजाच्या तळाला चिकटणारा चुंबकी सुरुंग यावयाचा होता. या सुरुंगाच्या कळीत पाण्यात विरघळणारी एक गोळी असे, आणि ती अर्ध्या तासाच्या आसपास विरघळली की स्फोट होई. एवढ्या वेळात पोहत जाऊन, सुरुंग लावून सुखरूप परतणे शक्य नसल्याने त्या कळीवर कुटुंबनियोजनाचे रबरी साधन चढविण्याची युक्ती योजण्यात आली. अविवाहित तरुणांच्या छावणीकडून या वस्तूची घाऊक मागणी गेली तेव्हा कोठारावरच्या अधिकाऱ्यांनी काय तर्क लढविले असतील ते असोत. ज्या युक्तीवर इतक्या जणांचे प्राण अवलंबून होते, तिचा जमाखर्च कुठल्याशा सरकारी वहीत निश्चितच पडला असेल.

ऑगस्टमध्ये कोलकाता आकाशवाणीवरून ठरलेली दोन गाणी वाजली. पहिले म्हणजे सिद्धतेचा इशारा, दुसरे म्हणजे हुकूम. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार ठिकाणी एकाच वेळी जहाजांखाली स्फोट झाले, आणि पूर्व बंगालचे जलमार्ग आपल्या ताब्यात आहेत हा पाकिस्तानी लष्कराचा भ्रम त्या रात्री संपला.

या मामल्याची सूत्रे कमांडर मोहन नारायणराव सामंत यांच्याकडे होती. १९६९ मध्ये ‘करंज’ या पाणबुडीचे पहिले अधिपती झालेल्या या अधिकाऱ्याने डिसेंबरात कचेरी सोडली आणि स्वतः नद्यांमध्ये उतरून, कोलकाता बंदराच्या नौकांवर तोफा चढवून सिद्ध केलेल्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ यांच्यासह आमच्या पनवेल गावाचे नाव धारण करणारी ‘पनवेल’ ही छोटी युद्धनौका घेऊन मोंगला गाठले. पुढे १० डिसेंबरला खुलन्याजवळ जे घडले ते युद्धाच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक प्रसंगांपैकी एक होय. आपल्याच वायुदलाच्या विमानांनी, नौकांवर ओळखीसाठी पिवळा रंग फासलेला असतानाही, त्यांना शत्रूच्या समजून हल्ला केला आणि ‘पद्मा’ व ‘पलाश’ पेटल्या. ‘पलाश’च्या यंत्रघरातील मोहम्मद रुहुल अमीन, ज्यांना बांगलादेशाने पुढे ‘वीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च किताब दिला, त्या दिवशी कामास आले. पाण्यात पडलेल्यांवर किनाऱ्यावरून पाकिस्तानी गोळीबार चालू होता. पलाशीच्या छावणीत शिक्षक असलेला लीडिंग सीमन चिमण सिंग, हरियाणातील रेवाडीकडचा तरुण, गोळ्यांच्या तुकड्यांनी जबर जखमी झाला होता. तशा अवस्थेत त्याने बुडू लागलेल्या अधिकाऱ्यास आणि सहकाऱ्यांस काठाला आणले, आणि काठावर पोहोचताच विश्रांतीऐवजी शत्रूच्या दिशेने धाव घेतली, एवढ्याचसाठी की सर्वांची नजर आपल्यावर खिळावी आणि दोघा सोबत्यांना निसटण्यास अवसर मिळावा. ते निसटले. तो पकडला गेला, आणि बांगलादेश मुक्त झाल्यावर शत्रूच्या कैदेतून सुटून रुग्णालयात दाखल झाला.

सामंत आणि चिमण सिंग या दोघांनाही महावीरचक्र मिळाले. चिमण सिंगच्या मानपत्रात डिसेंबरच्या त्या तीन-चार दिवसांची हकीकत आहे; पलाशीची नाही. पलाशीची हकीकत सामंतांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकातून २०१९ मध्ये, म्हणजे तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनी, वाचकांपर्यंत आली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सामंत निवर्तले होते.

माझे म्हणणे या अठ्ठेचाळीस वर्षांविषयी आहे. युद्धकाळात गुप्तता अपरिहार्य असते, आणि शेजारी राष्ट्राशी असलेल्या संबंधांची नाजूक बाजू पाहता काही काळ मौन पाळावे लागते, हे कुणीही समंजस माणूस मान्य करील; परंतु ज्या कुलपाची किल्ली कुणाच्याच जबाबदारीवर सोपविलेली नसते, ते कुलूप पुढे रक्षणाचे न राहता विस्मरणाचे साधन होते. कोलकात्याच्या पूर्व विभागीय मुख्यालयातील १९७१ च्या युद्धाची कागदपत्रे नष्ट झाल्याचे वृत्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि विषय मिटला. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रे सामान्यतः पंचवीस वर्षांनी खुली करण्याचे आणि युद्धांचा इतिहास वेळेवर संकलित करण्याचे धोरण जाहीर केले, हे स्वागतार्हच. पण धोरणाने जळालेला कागद परत येत नाही.

हा केवळ दिल्लीकरांचा प्रश्न आहे असे समजून आम्ही स्वस्थ बसू शकत नाही. नंदुरबार जिल्ह्याचे, म्हणजे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच गणल्या गेलेल्या मुलुखाचे, सार्जंट मिलिंद किशोर खैरनार हे वायुदलाच्या ‘गरुड’ या विशेष दलाचे कमांडो ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मिरातील बांदीपोरा जिल्ह्यात हाजीन येथे अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले, आणि त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. ज्या मातीत असे जवान निपजतात तिथे चौकात फलक लागतात, त्यावर हुतात्म्यापेक्षा पुढाऱ्याचे छायाचित्र मोठे असते, पावसाळ्यात ते फाटतात, आणि पुढल्या निवडणुकीपर्यंत त्या जवानाने नेमके काय केले हे सांगणारा माणूस गावात शोधावा लागतो. पेशवाईत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देत, आणि ज्या कारणासाठी ती दिली त्याचा दाखला सनदेत लिहून ठेवीत. त्या दाखल्यांवरून आजही कुळाचा इतिहास सिद्ध होतो. आमच्या फलकांवरून शंभर वर्षांनी काय सिद्ध होणार आहे?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपली पायपीट धुळ्यात थांबविली. १९२६ च्या अखेरीस ते तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. घरोघरच्या माळ्यांवरून, खुंटीवर टांगलेल्या रुमालांतून कागद गोळा करण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, तीच आज माजी सैनिकांच्या घरी नेली पाहिजे. धुळे आणि जळगाव येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, धुळ्याचे राजवाडे मंडळ आणि जळगावचे बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांनी मिळून, पत्रे, छायाचित्रे, पदकांची मानपत्रे आणि तोंडी जबान्या यांचे एक दप्तर उघडावे. सेवेत असताना ज्यांच्यावर मौनाचे बंधन आहे त्यांचे जबाब मोहोरबंद ठेवावेत, आणि ते कोणत्या तारखेस उघडायचे हे पाकिटावरच लिहून ठेवावे. १९७१ मध्ये पंचविशीत असलेला जवान आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्याकडे कुणी टिपणवही घेऊन जायचे असेल, तर ते या वर्षीच गेले पाहिजे, आणि त्यासाठी शासनाच्या कोणत्याही नव्या हुकुमाची आवश्यकता नाही.