किल्ली त्यांची, घर आपले



या खेपेस विषय जरा घरगुती आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. एके दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास त्या अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाहेर आल्या, तर स्वयंपाकघरात घरमालक आणि एक अनोळखी माणूस सिंकखाली वाकून पाहत होते. "बेल वाजवली होती, कोणी उघडलं नाही," असे म्हणून मालकांनी किल्ली खिशात टाकली.

हे तिसऱ्यांदा घडत होते. पहिल्या दोन वेळी आम्हीच गप्प बसलो. मालक आपल्याकडचेच, आमच्या सत्यनारायणाला प्रसाद घेऊन गेलेले. त्यांना काय बोलायचे? पण त्या दिवसापासून सासूबाई दाराला आतून खुर्ची लावू लागल्या आणि आम्ही कामावरून परत येईपर्यंत अंघोळीला जाईनाशा झाल्या. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

आपल्या कॅलिफोर्नियाचा कायदा (सिव्हिल कोड, कलम १९५४) याबाबत स्पष्ट आहे. दुरुस्ती करायला, किंवा नवा भाडेकरू अथवा गिऱ्हाईक यांना घर दाखवायला मालक येऊ शकतो, पण त्याने आधी लेखी नोटीस द्यायला हवी. तीत तारीख, अंदाजे वेळ आणि कारण हवे. हातात दिलेली किंवा दाराशी ठेवलेली नोटीस २४ तास आधीची असली तर साधारणतः पुरेशी धरतात. टपालाने पाठवली तर ६ दिवस आधी. यायचे तेही कामकाजाच्या नेहमीच्या वेळेत. आग, पाण्याचा फुटलेला नळ अशा आणीबाणीत मात्र नोटीस लागत नाही. आपण घरी असताना त्याच वेळी "या" म्हटले तरीही लागत नाही.

"पण करारातच लिहिले आहे, मालक केव्हाही येईल," असे काही जण म्हणतात. राहत्या घराच्या करारातली अशी अट कलम १९५३ प्रमाणे रद्द ठरते. हक्क बजावला म्हणून सूडाने भाडे वाढवणे किंवा घर खाली करायला लावणे यालाही मनाई आहे (कलम १९४२.५). आणि भाडेकरूने घर सोडावे म्हणून कोणी मुद्दाम असा गंभीर त्रास दिला, तर प्रत्येक वेळेस २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो (कलम १९४०.२). स्मॉल क्लेम्स कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्वतःच मांडता येतो.

आता दुसरी बाजू. रीतसर नोटीस आली तर आपणही अडवू नये. तसे अडवणे हे घर खाली करवण्याचे कारण ठरू शकते. रागाच्या भरात भाडे थांबवू नये, न कळवता कुलूपही बदलू नये.

आम्ही काय केले? प्रयोगशाळेतल्या सवयीप्रमाणे तिन्ही वेळांची तारीख, वेळ आणि कोण आले ते वहीत उतरवले. मग मालकांना अर्ध्या पानाचे सभ्य पत्र लिहिले: अमुक तीन दिवशी आपण न कळवता आलात, घरात वडील माणूस एकटे असते, यापुढे कलम १९५४ प्रमाणे लेखी कळवून यावे, आम्ही अवश्य सहकार्य करू. एक प्रत आमच्याकडे ठेवली.

मालकांचा फोन आला. "अहो, आपल्यात कसली नोटीस?" आम्ही म्हटले, "आपल्यातच आहे म्हणून तर कोर्टात न जाता पत्र लिहिले." थोडे दिवस ते घुश्शात होते. पण पुढच्या महिन्यात दाराशी चिठ्ठी आली: गुरुवारी दहा ते बारा, गीझर तपासणे. सासूबाईंनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, फ्रिजवर लावली, आणि दाराची खुर्ची उचलून जेवणाच्या टेबलापाशी नेऊन ठेवली.

ज्यांना आमच्या पत्राचा नमुना हवा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मागून घ्यावा. आम्ही वकील नव्हे, तेव्हा प्रकरण चिघळले असेल तर आपल्या गावच्या भाडेकरू मदत केंद्रात जरूर विचारावे. काही शहरांचे स्वतःचे नियमही असतात.

पुढच्या अंकात: डिपॉझिट परत कसे मिळवावे.