दोरा कोणता घ्यावा?

गेल्या वर्षी भाच्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता सहा महिने अमेरिकेत जाऊन राहिलो. प्रवासवर्णन लिहून वाचकांचा दिवाळीचा फराळ बेचव करण्याचा माझा विचार नाही. सांगायची आहे ती एका दोऱ्याची गोष्ट.

भाचा मेन राज्यात सेबॅगो तळ्याकाठी राहतो. तळे कसले, तीनशे फुटांहून खोल जलाशयच तो! त्यात सॅमन मासा आहे. सॅमन म्हणजे समुद्रातून नदीत चढणारा, अशी आपली समजूत. पण हा जन्मभर गोड्या पाण्यातच राहतो. १९०७ साली येथे साडेबावीस पौंडांचा एक गळाला लागला होता.

मी पडलो रत्नागिरीकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जात असे, त्याची घमेंड होतीच. दुकानात शिरलो आणि पन्नास पौंड पेलणारा विणलेला दोरा उचलला.

"मामा, मासा धरायचाय की म्हैस बांधायचीय?" भाच्याने विचारले. मी लक्ष दिले नाही.

तेथली रीत अशी, की होडी संथ चालवायची आणि आमिष मागे लांबवर ओढत न्यायचे. मे महिन्यात पाणी गार असते. स्मेल्ट नावाचे रुपेरी मासे वरच्या थरात येतात आणि त्यांच्या मागे सॅमन. तासाभरात काठी वाकली, मासा हातभर उंच उसळला आणि नाहीसा झाला! दोरा शाबूत, गळ शाबूत, मासा तेवढा गेला.

शेजारचे एक म्हातारे गृहस्थ ते ऐकून हसले. म्हणाले, "तुमचा दोरा ताणत नाही, हेच दुखणे. होडी पुढे, मासा मागे; मधला हिसका कुणीतरी पोटात घ्यायला हवा. दोऱ्याने घेतला नाही, की माशाचे तोंड फाटते आणि गळ सुटतो. नायलॉनचा एकेरी धागा घ्या, आठ पौंडांचा पुरे. तो ताणतो."

"हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे," सौ. म्हणाली. मी तळ्याकडे पाहू लागलो.

नायलॉन घेतला, दोन मासे मिळालेही. पण ऑगस्टमध्ये चार दिवस फुकट गेले. वरचे पाणी तापले की सॅमन खालच्या गार थरात उतरतो आणि हलका नायलॉन वरच तरंगतो. म्हाताऱ्यांनी दुसरे रीळ दिले. या दोऱ्याच्या पोटात शिशाची तार असते आणि दर दहा यार्डांना त्याचा रंग बदलतो. संथ चालीत एक रंग सोडला, की आमिष सुमारे पाच फूट खाली जाते. घाई करून होडी पळवली, तर ते वर येते.

हा रंगीत दोरा माशाला दिसू नये म्हणून टोकाला वीस-तीस फूट पारदर्शक धागा जोडतात, तोही मुख्य दोऱ्याहून कच्चा. गळ तळाशी अडकला, तर तेवढाच तुटावा. सगळा दोरा पाण्यात राहिला, तर तो कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांत गुरफटतो. गाठ मारताना ती थुंकीने ओली करून आवळावी. कोरडी आवळली तर धागा घासून तापतो आणि तेथेच तुटतो. उन्हानेही नायलॉन कमजोर होतो. म्हणून दर मोसमात तो बदलावा.

पुढच्या रविवारी आम्ही सहा रंग सोडले. काठी सौ.च्या हाती होती. मासा लागला, पळाला, उसळला. मी "ओढ, ओढ!" म्हणून ओरडत होतो. तिने ओढले नाही. तो पळाला तेव्हा दोरा सोडला आणि दमला तेव्हा गुंडाळला. पाऊण घटकेत तीन पौंडांचा सॅमन होडीत आला.

त्या रात्रीच्या कालवणात मीठ थोडे कमी होते. मी काही बोललो नाही. दोरा कोणता घ्यावा, हे मला आता कळले होते.