नकला कुणाच्या?

धारावीत वाढलेला जॉन राव जनुमला. सातवीत शाळा सुटली, रस्त्यावर पेनं विकली. मग हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार. तिथं यानं साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनीच त्याला 'जॉनी लिव्हर' केलं. पुढं स्टेज, 'हंसी के हंगामे'ची कॅसेट, १९८२ ला 'दर्द का रिश्ता'. गडी मोठा झाला, आनंदच आहे.

पण दोस्तहो, कारखान्यात हसू साहेबावर होतं. १९९३ च्या 'बाजीगर'मध्ये हाच माणूस विसराळू नोकर. मालक शहाणा, नोकर येडा! आणि तिकीट काढून आपणच हसलो. दोष त्याचा नाही, पैसा लावणाऱ्यांचा आहे.

बीडच्या ऊसतोड्यांच्या पोरांनो, तुमच्यातही नकल्ये आहेत. कोपीपुढं मुकादमाची नकल करा. बापाची करू नका.