विश्लेषण : चषक जिंकला, हंगाम कुठे आहे? खापरखेड्यातील हँडबॉलपटूने फ्रान्सकडे का पाहावे?

प्रीमियर हँडबॉल लीगच्या पहिल्या विजेतेपदावर महाराष्ट्राचे नाव आहे. मात्र त्या विजयामुळे राज्यातील शाळकरी खेळाडूच्या वाट्याला किती सामने आले? फ्रान्समधील अव्वल साखळीचे गणित पाहिले तर आपली अडचण पैशांआधी वेळापत्रकात असल्याचे दिसते.

महाराष्ट्र विजेता कधी ठरला?

८ ते २५ जून २०२३ या काळात जयपूरमध्ये प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. महाराष्ट्र आयर्नमेन, गोल्डन ईगल्स उत्तर प्रदेश, राजस्थान पॅट्रियट्स, तेलुगू टॅलन्स, गर्वित गुजरात आणि दिल्ली पँझर्स असे सहा संघ होते. अंतिम सामन्यात गोल्डन ईगल्सला हरवून आयर्नमेनने चषक उंचावला. एरवी शालेय मैदानाबाहेर न दिसणारा हा खेळ त्या दिवसांत मोबाइलवर थेट पाहता आला.

पण १८ दिवसांत सगळे आटोपले, तेही एकाच शहरात. महाराष्ट्राचा संघ विजेता झाला, तरी त्याचा एकही सामना महाराष्ट्रात झाला नाही. २०२४चा जून आला आणि गेला, दुसरा हंगाम काही झाला नाही. सावनेर तालुक्यातील खापरखेड्याच्या एखाद्या मुलाला आयर्नमेनचा खेळ पाहून चेंडू हातात घ्यावासा वाटला असेल, तर पुढच्या वर्षी त्याला पाहायला काही उरले नाही. खेळायलाही फारसे काही नव्हते आणि खरा प्रश्न हाच आहे.

फ्रान्समधील हंगाम कसा चालतो?

फ्रान्समधील पुरुषांच्या अव्वल व्यावसायिक साखळीला ‘स्टारलीग’ म्हणतात. तिच्यात १६ संघ आहेत. प्रत्येक संघ उरलेल्या १५ संघांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३० सामने आणि सगळे मिळून २४०. सप्टेंबरमध्ये सुरू झालेला हंगाम जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. जानेवारीत विश्वचषक किंवा युरोपीय स्पर्धेसाठी तेवढा खंड पडतो. शेवटी अंतिम सामना नसतो, गुणतक्त्यात जो वर तो विजेता. तळाच्या संघांवर मात्र खालच्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार असते.

याच व्यवस्थेतून घडलेल्या फ्रान्सच्या पुरुष संघाने २००८, २०१२ आणि टोकियोतील ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. टोकियोत महिलांनीही सुवर्ण पटकावले. २०१८ मध्ये तर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम चार संघांपैकी तीन फ्रेंच होते आणि चषक माँपेलिएने नेला.

पण तिथे एकच संघ जिंकतो ना?

हा आक्षेप खरा आहे. कतारच्या गुंतवणूकदारांनी २०१२ मध्ये पॅरिसचा क्लब घेतला आणि २०१५ ते २०२५ अशी सलग ११ विजेतेपदे पॅरिस सेंट-जर्मेनकडे गेली. पैसा एका जागी साचला की शर्यतीतील चुरस जाते, हे फ्रान्सनेही अनुभवले आहे.

तरीही हंगाम फुकट जात नाही, कारण साखळीत प्रत्येक जागेला किंमत असते. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर युरोपीय स्पर्धेचे दार उघडते. तेराव्या क्रमांकावरचा संघ पंधराव्या जागी घसरू नये म्हणून मे महिन्यापर्यंत झुंजत राहतो. पहिल्या क्रमांकाचा निकाल ठरलेला असला, तरी बाकी १५ संघांच्या खेळाडूंना ३० सामने मिळतातच. खेळाडू घडतो तो या सामन्यांतून. चषक फार तर एकाच संघाच्या कपाटात जातो.

आपल्याकडे अडते कुठे?

हँडबॉल शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तो खेळला जातो. तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी ही वाट आहे आणि ती बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीची असते. इथे साधे गणित करून पाहावे. १६ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सामने होतात फक्त १५. त्यातील आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. तेवढ्याच संघांच्या दुहेरी साखळीत २४० सामने होतात.

म्हणजे वर्षभर सकाळी लवकर उठून सराव करणाऱ्या निम्म्या मुलांचा हंगाम एका तासात संपतो. हँडबॉलचा सामना ३०-३० मिनिटांच्या दोन डावांचा, शालेय गटांत त्याहूनही कमी. एवढ्या वेळात गोलरक्षकाची चूक झाली, तर ती सुधारण्याची संधी पुढच्या वर्षी. तोवर वयोगट बदललेला असतो, दहावी आलेली असते.

ही पद्धत टिकली, कारण ती प्रमाणपत्रासाठी पुरेशी आहे. विशिष्ट पातळीवर खेळले की दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या सवलती चुकीच्या नाहीत. कोळसा खाणी आणि वीज केंद्रावर पोट असलेल्या, त्यातही अनेकांना कंत्राटी काम करावे लागणाऱ्या गावात प्रमाणपत्राचे मोल कोणी कमी लेखू नये. पण सगळी व्यवस्था प्रमाणपत्राभोवती फिरू लागली की पालकही विचारतात, ‘यंदा कुठपर्यंत गेलास?’ ‘यंदा किती सामने खेळलास?’ असे कोणी विचारत नाही. त्यात देशपातळीवर संघटनांच्या मान्यतेचे वाद वर्षानुवर्षे रेंगाळले. वरचे भांडण मिटेपर्यंत खालच्या मुलाने थांबायचे, असा त्याचा अर्थ होतो.

गुणवत्ता नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे भारताच्या ज्युनियर महिला संघाने आशियाई विजेतेपद मिळवले. त्यानंतरच्या वर्षी झालेली व्यावसायिक लीग होती फक्त पुरुषांची.

मग खापरखेड्यात काय करता येईल?

फ्रान्सची नक्कल करायला तिथला पैसा नाही, हे उघड आहे. पण तिथल्या क्लबांचा पायाही मुळात साधाच आहे. नोंदणीकृत स्थानिक संस्था खेळ चालवते आणि बहुतेक वेळा बंदिस्त सभागृह नगरपालिकेचे असते. त्या पायावर व्यावसायिक साखळी उभी राहिली.

उत्तर नागपूर जिल्ह्यात असा पाया घालता येण्याजोगा आहे. खापरखेडा, कोराडी, सावनेर, पाटणसावंगी, कळमेश्वर, कामठी, कन्हान आणि पारशिवनी अशा आठ गावांचे संघ धरले, तर दुहेरी साखळीत प्रत्येकाला १४ सामने मिळतात. एकूण ५६. दर रविवारी चार सामने केले की १४ रविवारांत हंगाम पुरा होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली, तर बोर्डाच्या परीक्षा आणि विदर्भाचा उन्हाळा या दोन्हींच्या आत शेवट करता येईल. मुलींची साखळीही त्याच दिवशी, त्याच मैदानांवर खेळवता येईल.

मैदानाला लागते ४० बाय २० मीटर सपाट जागा आणि तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असे दोन गोल. सहा मीटरची रेषा चुन्यानेही आखता येते. सामने नियमित झाले की पंच आणि गुणलेखकही तयार होतात. आज एखाद्या स्पर्धेसाठी त्यांना गोळा करावे लागते.

खर्च कोणी उचलायचा?

खापरखेड्यात महानिर्मितीचे १३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. कंपनी कायदा २०१३ नुसार सामाजिक दायित्व निधीतून ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. हँडबॉल ऑलिम्पिक खेळ आहे. १४ रविवारांचा प्रवास, पंचांचे मानधन, चेंडू आणि प्रथमोपचार हा खर्च एखाद्या मोठ्या कंपनीच्या दृष्टीने किरकोळ ठरावा. राखेच्या त्रासाबद्दल या भागातील गावे अनेक वर्षे तक्रार करत आली आहेत. त्यांच्या मुलांना धावण्यासाठी छप्पर असलेले एक क्रीडागृह मिळाले, तर त्याला उपकार म्हणण्याचे कारण नाही.

मात्र निधीचीही एक सवय असते. फलक लावायला, पाहुणे बोलवायला आणि चषक द्यायला तो लगेच मिळतो, कारण ते एका दिवसात उरकते. बाराव्या रविवारी दोन तळाच्या संघांच्या सामन्याला ना पाहुणे येतात, ना छायाचित्रकार. तरीही तो सामना व्हायला हवा. साखळी चालवण्याची तयारी आहे की नाही, हे त्याच दिवशी कळते.

निष्कर्ष काय?

आयर्नमेनच्या विजयाचा अभिमान असायलाच हवा. पण त्या संघाला पुढचा खेळाडू कुठून मिळणार, याचे उत्तर जयपूरमध्ये मिळणार नाही. क्रीडा खाते, जिल्हा संघटना आणि या पट्ट्यातील उद्योगांनी आणखी एक चषक जाहीर करण्याआधी एक वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळावे. खापरखेड्याचा संघ रविवारी हरला, तर मुलांना लगेच सांगता आले पाहिजे : पुढच्या रविवारी कन्हानशी सामना आहे, सरावाला या.