भंगारातली कला आणि वेल्डरचे नाव



जालन्याला पूर्वी ‘सोने का पालना’ म्हणत. आज हा पाळणा लोखंडाचा आहे. औद्योगिक वसाहतीत ट्रकच्या ट्रक भंगार येते, भट्टीत वितळते आणि सळ्या होऊन बाहेर पडते. आपल्या कितीतरी घरांची चूल या भंगारावर पेटते. कुणी ते वेचतो, कुणी भट्टीपुढे उभा राहतो, कुणी दुकानात दारे-खिडक्या जोडतो. पण याच भंगारातून आणि याच वेल्डिंगमधून जगात एक मोठी कला उभी राहिली, हे आपल्या मुलांना कोण सांगणार?

पूर्वी शिल्प म्हणजे दगड कोरणे, माती लिंपणे किंवा धातू ओतणे. विसाव्या शतकात कलावंतांनी टाकाऊ वस्तू हाती घेतल्या. १९४२ साली पिकासोने सायकलचे जुने सीट आणि हँडल एकत्र जोडले. सीटचा झाला चेहरा, हँडलची झाली शिंगे आणि तयार झाले बैलाचे डोके! आज जगभर त्याची वाखाणणी होते.

या पिकासोला लोखंडाच्या जोडकामात मदत केली ती हुलिओ गोन्झालेसने. त्याचा घरचा धंदा धातुकामाचा. गॅस वेल्डिंग तो १९१८ साली फ्रान्समधील रेनॉ मोटार कारखान्यात शिकला. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ तरुणपणी स्टुडबेकर मोटार कारखान्यात कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर झाला. पोलादी शिल्पांत पुढे त्याचे नाव अग्रभागी आले. आपल्या मुंबईत पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६) या बाईंनी भंगार लोखंड वेल्ड करून शिल्पे घडवली. म्हणजे कारखान्यातला हुन्नर कलादालनात गेला. कामगाराने कलावंताकडून उसना घेतलेला नव्हे, कलावंताने कारखान्यातून उचललेला!

बंधू-भगिनींनो, यात आपल्यासाठी एक खास अर्थ आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना फुटक्या भांड्यात जेवण आणि अंगावर लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. फुटके भांडे आणि लोखंड ही हीनतेची खूण ठरवली गेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. ज्या लोखंडाने आपल्याला हिणवले, त्याच लोखंडाला आज कलादालनात मानाची जागा आहे. वस्तू हीन नसते, तिला हीन ठरवणारी नजर हीन असते.

बौद्ध परंपरेची नजर मात्र निराळी होती. तथागतांना अखेरचे भोजन देणारा चुंद हा धातुकाम करणाऱ्याचाच मुलगा. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे त्यात नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांच्या हाताची नोंद दगडावर झाली! त्याच सांचीच्या लेखांत भोगवर्धनच्या दात्यांचीही नावे आहेत. भोगवर्धन म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले भोकरदन.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. विहाराची कमान, फाटकावरचे धम्मचक्र, जयंतीच्या रथाचा सांगाडा हे सारे आपलाच एखादा वेल्डर रात्र-रात्र जागून उभे करतो. उद्घाटनाच्या पाटीवर पुढाऱ्याचे नाव असते, देणगीदारांचे असते. जोडणाऱ्याचे नाव कुठे असते? भोगवर्धनच्या दात्यांबरोबर विदिशेच्या कारागिरांचीही नोंद जपणारी सांची आपली, मग आपल्या पाटीवर ही उणीव का?

म्हणून दोन गोष्टी करूया. येत्या १४ एप्रिलला जे काही नवे उभे राहील, त्यावर देणगीदारांसोबत वेल्डरचेही नाव लिहूया. आणि घरातले पोर नट-बोल्ट, चेन, स्पोक जोडून काही बनवत असेल तर “काय कचरा मांडलास?” म्हणून रागावू नका. त्याला शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षांना बसवा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिल्पकला रीतसर शिकवली जाते, हेही त्याच्या कानावर घाला. वेल्डिंगला हात लावायचा तर जाणत्याच्या देखरेखीखाली, काळी काच डोळ्यांपुढे धरूनच. बंद डबा किंवा तेलाचा पिंप कधीही वेल्ड करू देऊ नका, त्याचा स्फोट होतो.

आपल्या हातात हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याखाली आता आपले नावही उमटू द्या.