विश्लेषण : अमेरिकेतले ‘दक्षिण आशिया’चे वर्ग अडचणीत का आले? त्याचा मराठीशी काय संबंध?

अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स किंवा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी मुख्य विषयाच्या जोडीला ‘दक्षिण आशिया’, ‘आफ्रिका’ किंवा ‘पूर्व आशिया’ हा विषय ‘मायनर’ म्हणून घेऊ शकतो. त्यात साधारण पाच-सहा कोर्स असतात : थोडा इतिहास, थोडं साहित्य, धर्म, राजकारण आणि बऱ्याच ठिकाणी त्या प्रदेशातली एखादी भाषा.

हे वर्ग चालवणाऱ्या केंद्रांना २०२५मध्ये मोठा धक्का बसला. मार्चमधल्या नोकरकपातीत अमेरिकी शिक्षण खात्यातलं हे काम बघणारं कार्यालयच रिकामं झालं. सप्टेंबरमध्ये या केंद्रांचं अनुदानही थांबवण्यात आलं. ही मदत सरकारच्या प्राधान्यक्रमात बसत नाही, अशी भूमिका घेण्यात आली.

रक्कम किती होती? परदेशी संशोधनाच्या शिष्यवृत्त्या धरून वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर. म्हणजे साधारण एका एफ-३५ लढाऊ विमानाची किंमत.

हे वर्ग सुरू कसे झाले?

त्यामागे होती भीती. ४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत संघानं स्पुटनिक उपग्रह सोडला आणि आपण मागे पडलो, असं अमेरिकेला वाटू लागलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५८मध्ये, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्या’वर सही केली. विज्ञान आणि गणिताबरोबरच जगातल्या भाषा आणि प्रदेश शिकवण्यासाठीही त्यात पैसा होता. ‘टायटल सिक्स’ म्हणून ओळखली जाणारी ही तरतूद पुढे उच्च शिक्षण कायद्यात गेली, पण नावात ‘संरक्षण’ होतं ते उगाच नाही. जिथे उद्या शीतयुद्धाचा सामना होऊ शकतो, तिथली भाषा जाणणारी माणसं सरकारला हवी होती.

या वर्गांच्या ग्रंथालयांची गोष्ट तर थेट आपल्या रेशनच्या दुकानापर्यंत येते. ‘पीएल ४८०’ या १९५४च्या कायद्याखाली भारतात अमेरिकी गहू यायचा. त्याची किंमत भारत डॉलरऐवजी रुपयांत चुकवायचा आणि हे रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यात साठायचे. त्यातून भारतीय पुस्तकं विकत घ्यायची, असं ठरलं. १९६२मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’नं दिल्लीत कार्यालय उघडलं आणि भारतीय भाषांमधली पुस्तकं अमेरिकी विद्यापीठांत पोहोचू लागली. त्यात मराठीही होती. शिकागो किंवा पेनसिल्वेनियाच्या ग्रंथालयात आज जुनी मराठी पुस्तकं मिळतात, त्याचं एक कारण हा गहू आहे.

मग हे सगळं फक्त हेरगिरीसाठी होतं का?

टीका तशीच झाली. एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या पुस्तकानंतर तर प्रश्न आणखी टोकदार झाला : बलवान देश दुबळ्या प्रदेशांचा अभ्यास करतो, तो त्यांना समजून घ्यायला की ताब्यात ठेवायला?

पण पैसा एका हेतूनं आला तरी माणसं त्याच हेतूनं काम करतात असं नाही. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्वेनिया विद्यापीठात १९६९मध्ये डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पीएचडी केली. अमेरिकी अभ्यासकांपैकी फार थोड्यांचं तेव्हा या विषयाकडे लक्ष होतं. पुढे दलित साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यातही त्यांचा मोठा वाटा राहिला.

मॅक्सीन बर्नसन फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि ‘प्रगत शिक्षण संस्था’ उभी केली. परभाषकांसाठी त्यांनी तयार केलेली मराठीची पुस्तकं तिकडच्या वर्गांत वापरली गेली.

पैसा गेला की आधी काय बंद पडतं?

स्पॅनिश किंवा चिनीचा वर्ग विद्यार्थ्यांच्या संख्येवर तगतो. मराठीच्या वर्गात तीन-चार जण असले तर फीमधून शिक्षकाचा पगार निघत नाही. असे वर्ग अनुदानावरच उभे असतात. त्यामुळे कात्री लागली की पहिला धोका लहान वर्गांना असतो.

मुळात भाषा शिकणारेही कमी होत आहेत. २०१६ ते २०२१ या काळात अमेरिकी विद्यापीठांत इंग्रजी सोडून इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी १६.६ टक्क्यांनी घटली. याच काळात कोरियनची नोंदणी मात्र ३८.३ टक्क्यांनी वाढली. के-पॉप आणि कोरियन मालिकांची लोकप्रियता हे त्याचं एक कारण. शिवाय कोरिया आणि जपानची सरकारं आपली भाषा-संस्कृती परदेशात शिकवली जावी म्हणून स्वतः पैसा देतात. चीननंही ‘कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट’ उघडल्या होत्या, पण राजकीय संशय वाढल्यावर अमेरिकेतल्या त्या बहुतेक बंद झाल्या. मराठीमागे असा पैसाही नाही आणि तशी लाटही नाही.

भारतात काय स्थिती आहे?

चित्र फार वेगळं नाही. १९६२च्या युद्धानंतर दोन वर्षांनी दिल्ली विद्यापीठात चीनच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. म्हणजे इथेही आधी धक्का, मग अभ्यास. अपवाद रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनचा : तिथलं ‘चीना भवन’ १९३७चं, युद्धाच्या कितीतरी आधीचं. मुंबई विद्यापीठातही आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१पासून आहे, हे अनेक मुंबईकरांनाही ठाऊक नसतं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘मायनर’ हा शब्द आता आपल्या कॉलेजांतही आला आहे. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत मायनरसाठी २४ क्रेडिट आहेत. एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे एकूण ३६० तास. दुसरीकडे, अमेरिकेच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था मराठी किंवा हिंदीसाठी सुमारे १,१०० तास धरते. जपानी, चिनी किंवा अरबीसाठी २,२००.

म्हणजे मायनरचे सगळे तास एका भाषेला दिले तरी इंग्रजी बोलणाऱ्याचं मराठी तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच पोहोचेल. मायनरनं तज्ज्ञ तयार होत नाही. ते फक्त दार उघडतं. पुढचा रस्ता शिक्षक, ग्रंथालयं आणि शिष्यवृत्त्यांचा असतो. तो बांधायला दशकं लागतात आणि बंद करायला एक पत्र पुरतं. निधी पुढे परत मिळाला, तरी दरम्यान दुसरीकडे गेलेला शिक्षक परत येईलच असं नाही.

विद्यार्थ्यांनी काय पाहावं?

एखाद्या प्रदेशाचा अभ्यास मायनर म्हणून निवडताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. त्यात भाषा शिकवतात का, की सगळं इंग्रजी पुस्तकांवरच भागवतात? शिकवणारा शिक्षक कायम नेमणुकीचा आहे का, की दर वर्षी बदलतो? आणि मायनर संपल्यावर पुढे शिकायची सोय कुठे आहे?

या तिन्हींची उत्तरं ‘नाही’ अशी असतील, तर तिथे क्रेडिट मिळतील, पण त्या प्रदेशाची ओळख होईलच असं नाही.