तिसऱ्या चाकाची वेळ

परवा वर्गात मी मित्रांना एक प्रश्न विचारला. चौघा सायकलस्वारांचा एक संघ शर्यतीत उतरला, तर घड्याळात वेळ कुणाची धरायची? बहुतेकांनी एका सुरात सांगितले, "पहिल्याची!" एकजण जरा विचार करून म्हणाला, "शेवटच्याची." दोन्ही उत्तरे चुकली. वेळ धरतात ती तिसऱ्याची!

ऑलिंपिकमध्ये १९०८ पासून पुरुषांची ही सांघिक पाठलाग शर्यत आहे. अंतर चार हजार मीटर. अडीचशे मीटरच्या, वळणावर भिंतीसारख्या चढत गेलेल्या धावपट्टीवर सोळा फेऱ्या. दोन संघ समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात. सायकलला ब्रेक नाही आणि पायडल थांबवण्याची सोय नाही. पुढचा स्वार छातीवर वारा घेतो, मागचे तिघे त्याच्या आडोशाने कमी ताकदीत तोच वेग राखतात. पुढच्याचा दम सरू लागला की तो वळणावर वर चढतो, तिघांना खालून जाऊ देतो आणि शेपटाला येऊन मिळतो. मग दुसरा वारा झेलतो. तिसऱ्या स्वाराच्या पुढच्या चाकाने रेषा गाठली की संघाची वेळ ठरते. चौथा मागे राहिला तरी चालते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची ही शर्यत मी नांदेडच्या वसतिगृहात मित्राच्या मोबाईलवर पाहिली. ऑस्ट्रेलियाच्या चौघांनी ३ मिनिटे ४०.७३० सेकंदांत अंतर कापून तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. ताशी पासष्ट किलोमीटरहून अधिक वेग! आमची लाल बसही अहमदपूरच्या रस्त्याला एवढी पळत नाही.

हे सारे परक्यांचे कौतुक, असे कुणी समजू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचे सायकलपटू गेले होते. त्यांत रोहिंटन नोबल, जहांगू अमीन अशी पारशी नावे आढळतात. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा याच सांघिक पाठलागात जपानच्या मागोमाग भारताने रौप्यपदक मिळवले. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र ऑलिंपिकच्या धावपट्टीवर आपली सायकल दिसलेली नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडीत धावपट्टी बांधली गेली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बंदिस्त धावपट्टी उभी राहिली. पण रौप्यपदकाची ती गोष्ट आपल्या किती जणांना ठाऊक आहे? चौघांनी मिळून मिळवलेले यश आपल्या लक्षात राहात नाही. आपल्याला एकच चेहरा लागतो.

लातूरला किंवा नांदेडला बसस्थानकाबाहेर पाऊल टाका. गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक आपल्या स्वागताला उभे असतात. पहिला कोण, त्याला गुण किती, सारे ठळक अक्षरांत. त्या गुणवंतांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण त्याच वर्गातला तिसरा कुठवर पोहोचला? आणि चौथा कुठे गळाला? हे कुठल्याच फलकावर नसते.

चौथ्याबद्दल मी बोलतो, त्याला कारण आहे. आमचे गाव अहमदपूर तालुक्यात. हायस्कूल पाच किलोमीटरवर. घरात आबांची एकच जुनी सायकल. दादा चालवायचा आणि मी कॅरिअरवर त्याच्या पाठीला डोके टेकून बसायचो. समोरून वारा आला की दादा उभा राहून पायडल मारायचा. वारा कसा असतो, हे मला त्या पाठीमुळे कधी कळलेच नाही. दहावीनंतर दादाने शाळा सोडली. आज तो लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती उचलतो आणि महिन्याच्या महिन्याला माझ्या खानावळीचे पैसे पाठवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, असे लोक म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. पुढे जो होता, तो वळणावर वर चढून बाजूला झाला आणि मला खालून जाऊ दिले, एवढेच.

दिवाळीत मी दादाला ही शर्यत समजावून सांगितली. तो हसला. म्हणाला, "म्हंजे घड्याळ तुझ्यावर हाय म्हण की. मग थांबू नकोस."

कुणी म्हणेल, हुशार मुलांनी इतरांसाठी रखडायचे काय? मुळीच नाही! पाठलागात पुढचा स्वार वेग कमी करीत नाही. तो वारा अंगावर घेतो. मात्र तो एकटाच सुसाट सुटला तर मागची साखळी तुटते आणि त्याचा वेग कुणाच्याच कामी येत नाही. इंग्रजीच्या तासाला माझ्यासारख्याची बोबडी वळते, तेव्हा शेजारच्याने आपली वही पुढे सरकवणे म्हणजे वारा झेलणे. त्यात दया नाही आणि उपकारही नाहीत. उद्या इतिहासाच्या पेपराला माझी पाळी येईलच की!

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी एक नम्र सूचना आहे. पहिल्या क्रमांकाची बक्षिसे खुशाल चालू राहोत. पण येत्या वर्षी स्नेहसंमेलनात आणखी एक बक्षीस ठेवावे. चार-चार विद्यार्थ्यांनी वर्षभर एकत्र अभ्यास करावा आणि गटाचे गुण म्हणून तिसऱ्याचे गुण धरावेत. आणि चौथ्याने परीक्षाच दिली नाही, तर तो कुठे गेला, याची चौकशी गटाने त्याच्या घरी जाऊन करावी. शर्यतीचा नियम चौथ्याला सोडून देतो. एवढ्या एका बाबतीत आपण शर्यतीच्या पुढे जायला काय हरकत आहे?